मास्तर पडला तो दगड

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे वाक्य प्रत्येक परभणीकराने आयुष्यात निदान शंभरदा तरी ऐकवलेलं असतं. मीही त्याला अपवाद नाही. पण परभणीला डोंगर आहेत असं सांगितलं की समोरचा हसतो. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात तर एकाने सरळ विचारलं होतं, "परभणीत स्पीडब्रेकरपेक्षा उंच काही आहे का रे?"

त्याचंही फार चुकत नाही म्हणा. जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातला. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि ऊन. राज्यात सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर वर असतो. पण उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचं शेपूट येतं, आणि दक्षिणेला गंगाखेडच्या अंगाला बालाघाटचे डोंगर. उंच नाहीत. पण आहेत. जिंतूरकडे साग, पळस, धावडा, सालई, सीताफळ असं पानगळीचं जंगलही थोडंफार टिकून आहे. पावसाळ्यानंतरचे तीन महिने ते इतकं देखणं दिसतं की आपण मराठवाड्यात आहोत हे विसरायला होतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की गेल्या वर्षी गावाकडच्या काही सायकलवेड्या मुलांचा फोन आला. त्यांना जिंतूरच्या डोंगरात माउंटन बायकिंगचा ‘ट्रेल’ करायचा होता. मी पुण्यात वेताळ टेकडीवर गिअरची सायकल घेऊन धडपडत असतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून सल्ला हवा होता. "जागा बघून ठेवलीय दादा," त्यातला एक म्हणाला. "जेसीबी दोन दिवस लावला की झालं काम." मी म्हटलं, थांबा जरा, मला एकदा बघू द्या. हे बघणं पुढे बरंच लांबलं. त्याचाच हा वृत्तांत.

आधी थोडं या खेळाबद्दल, कारण त्याच्या जन्माची गोष्ट मला आमच्या गावच्या सायकल दुकानाची आठवण करून देते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी भंगारातून १९३०-४०च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली उचलायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. वाटा त्यांनी काढलेल्या नव्हत्या. वणवा लागला तर बंब वर नेता यावेत म्हणून काढलेले कच्चे रस्ते होते ते. त्यांतल्या एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ला पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! त्या सायकलींना ब्रेक एकच, तोही मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग पुढच्या फेरीआधी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच त्या रस्त्याला चिकटला: ‘रिपॅक’.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. १९७७मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी सायकलचा सांगाडा बांधला. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेले सांगाडे घेऊन कंपनी काढली, आणि १९८१मध्ये कारखान्यात घाऊक बनलेली ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता. म्हणजे भंगारातल्या सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. पावसाळा संपला की आमच्याकडे प्रत्येक सायकल ‘ओव्हरऑइल’ला जायची (मूळ शब्द ओव्हरहॉल, पण तसं म्हणणारा माणूस मी परभणीत पाहिलेला नाही). दुकानदार कप-कोन खोलायचा, छर्रे रॉकेलच्या ताटलीत धुवायचा, बोटाने ग्रीस भरायचा आणि चाक फिरवून कान लावायचा. आमचे छर्रे उताराने जळत नसत, चिखलाने खराब होत. पण काम तेच. आणि सायकलीही तशाच: जाड, काळ्या, वजनदार. फरक एवढाच की मरिनच्या पोरांनी त्या डोंगरावर नेल्या मजेसाठी. आमच्याकडे त्या डोंगरावर गेल्या कारण पलीकडे कोणाची तरी नोकरी होती.

त्या नोकरीकडे मी येणारच आहे. पण आधी वाट.

माउंटन बायकिंगवाले ज्या वाटेसाठी जीव टाकतात तिला ते ‘सिंगल ट्रॅक’ म्हणतात. एका वेळी एकच सायकल जाईल अशी, डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जाणारी अरुंद वाट. अशी वाट कशी काढावी याचं आता शास्त्र झालंय. त्यातला एक नियम सोपा आहे. ज्या उतारावरून वाट जाते, त्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला असू नये. जास्त झाला की पावसाचं पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. दुसरा नियम, एकूण वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे दहा मीटर चाललं तर एक मीटर वर.

आता आमच्या डोंगरातल्या जुन्या वाटा बघा. त्या कोणी काढल्या? जिंतूर तालुक्यात डोंगराच्या अंगाला जागोजाग तांडे आहेत, बंजाऱ्यांचे. आज तांडा म्हणजे वस्ती. पण मूळ तांडा म्हणजे चालता काफिला. बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या टाकून धान्य, मीठ देशभर पोचवणं हा बंजाऱ्यांचा व्यवसाय, त्याला ते लदेणी म्हणत. सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिल्याचं लिहून ठेवलंय. अरुंद वाटेवर असा काफिला समोर आला तर तो पुढे निघून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावं लागे म्हणे. १८०३मध्ये असईची लढाई झाली, तेव्हा आर्थर वेलस्लीच्या सैन्याला धान्य पुरवणाऱ्यांत बंजारे होते. असई आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं.

पाठीवर ओझं असलेला बैल बैलगाडीसारखा चालत नाही. त्याला रुंद रस्ता लागत नाही, एकामागे एक चालता आलं की पुरतं. पण त्याला सरळ चढही झेपत नाही. त्यामुळे लदेणीची वाट डोंगराला आडवी जाते, हळूहळू उंची घेते आणि खिंडीत शिरते. मरिनच्या मंडळींना पुस्तकं लिहून शिकवावे लागले ते दोन्ही नियम बैलाच्या दमात आपोआप पाळले जात होते. आणि एकेरी वाट तर ती मुळातच होती.

चारठाण्याची जुनी मंदिरं पाहिली आहेत का तुम्ही? जिंतूर तालुक्यातलंच गाव आहे. यादवकाळातली म्हणून ओळखली जाणारी ती मंदिरं आणि ती दीपमाळ आडरानात कोणी उगाच उभी केलेली नाही. जिंतूरहून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीला डोंगरात जैन लेणी आहेत. माणसं, माल आणि पैसा या भागातून वाहत होता, तेव्हाच्या या खुणा. आपण ज्याला आज कोपरा म्हणतो तो सगळ्यांनाच कायम कोपरा वाटत नसतो.

मग हा कोपरा कसा झाला? एक कारण रेल्वे. १९००च्या सुमाराला निजामाच्या राज्यातली हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाईन परभणीवरून गेली. धान्य आगगाडीने जायला लागलं आणि लदेणी मोडली. चालते तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले. बैल विकले गेले, वाटा राहिल्या.

दुसरं कारण सरहद्द. जिंतूर ओलांडून उत्तरेला गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो, म्हणजे जुना वऱ्हाड. वऱ्हाड निजामाचाच, पण १८५३मध्ये त्याने तो इंग्रजांकडे सोपवला आणि १९०२मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिला. त्यामुळे आमच्या डोंगराच्या अलीकडे निजामाचं हाली नाणं आणि पलीकडे इंग्रजी रुपया. अलीकडून पलीकडे माल न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात. नाके मोठ्या रस्त्यांवर असत. आता नाका रस्त्यावर आणि बैलवाट डोंगरातून म्हटल्यावर काय होत असेल ते सांगायला नको. १९४७-४८मध्ये रझाकारांचा उच्छाद सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. आमच्याकडचे जुने लोक ‘डोंगरानं गेलो’ असं म्हणायचे, ते या वाटांनी. १७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला, सरहद्द पुसली गेली, आणि या वाटांचं ते कामही संपलं.

असो. आता त्या नोकरीकडे येतो.

आमचे अण्णा (म्हणजे माझे वडील) १९७१मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून लागले. पहिली नेमणूक जिंतूरच्या डोंगरापलीकडच्या एका तांड्यावर. एकशिक्षकी शाळा. अण्णा-आई जिंतूरला भाड्याच्या खोलीत राहायचे. गाडीरस्त्याने तांडा चौदा किलोमीटर आणि डोंगरातल्या वाटेने सहा. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढून अ‍ॅटलस सायकल घेतली, २२ इंची, दांडीच्या ब्रेकची, काळी. डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालवत जायचं, खिंडीपर्यंत ढकलत न्यायची आणि पलीकडे बसून उतरायचं. येताना उलटं. असं त्यांनी चार वर्षं केलं. (ती सायकल अजून आमच्या घरी आहे. तिची कंपनी मात्र अडचणीत येऊन, ३ जून २०२०ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, तिच्या साहिबाबादच्या मोठ्या कारखान्याला कुलूप लागलं.)

त्या चार वर्षांतच १९७२चा दुष्काळ आला. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्याकडे तो दुष्काळ जन्माला न आलेल्यांनाही पाठ असतो. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, बंधारे घालायचे, रस्ते करायचे. पुढे यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. जिंतूरच्या डोंगरातले कितीतरी कच्चे रस्ते त्या वेळच्या माणसांनी हातांनी केलेले आहेत. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. ज्यांच्या पूर्वजांनी दुष्काळी मुलखात बैलांवरून धान्य पोचवलं, त्यांच्यातलाच माणूस त्या दुष्काळात राज्य चालवत होता हे मला नेहमी विशेष वाटतं. परभणीचं कृषी विद्यापीठही १९७२चंच. २०१३पासून त्याला नाईकांचं नाव आहे.

तर मुलांचा फोन आल्यावर मी अण्णांना विचारलं, "तुमची ती शाळेची वाट आठवते का?" अण्णा आता पंचाहत्तरीत आहेत. काही न बोलता त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान मागितलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नकाशा काढला. पायथ्याची विहीर, मोहाचं झाड, मग डावीकडे धरून वर, खिंड, खिंडीनंतर सालईचा झाडोरा, ओढा, तांडा. वळणं मोजून सांगितली. नऊ. पन्नास वर्षांनी! मी म्हटलं, "अण्णा, याला आता जगभर खेळ म्हणतात. हौसेने पैसे खर्चून करतात." ते म्हणाले, "आम्हाला त्याचे महिन्याला पैसे मिळायचे." आणि पेपर वाचायला लागले.

गेल्या डिसेंबरात मी सायकल घेऊन जिंतूरला गेलो.

विहीर सापडली. मोहाचं झाड नव्हतं. वाटेची सुरुवात एका तारेच्या कुंपणापलीकडे गेली होती, ती शोधण्यातच अर्धा तास गेला. पण एकदा सापडल्यावर मात्र काय सांगू! रुंदी हातभर, पायाखाली घट्ट मुरूम, कडेला आडव्या रचलेल्या दगडांची एकच रांग, खालची बाजू ढासळू नये म्हणून कोणी कधी लावलेली कोण जाणे. चढ इतका बेताचा की खालच्या गिअरवर बसल्या बसल्या जाता येत होतं. जिथे अण्णा ढकलत जायचे तिथे मी पायडल मारत चाललो होतो. हा माझा पराक्रम नाही. माझ्याकडे गिअर होते, आणि कॅरिअरवर काही नव्हतं.

चौथ्या वळणानंतर वाट तुटली. डोंगराच्या अंगावर ठरावीक अंतराने आडवे चर खणलेले होते. सलग समतल चर म्हणतात त्यांना. पाणी अडवून जिरवायला. जलयुक्त शिवारच्या काळात, २०१४नंतर, आमच्याकडे असे चर पुष्कळ झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो त्या गावाला चर हवेत की सायकलची वाट हवी, हा प्रश्न विचारण्यासारखासुद्धा नाही. पण चर खणणाऱ्याला तिथे वाट आहे हे दिसलं असतं, तर त्याने दोन पावलांची जागा सोडली असती. दिसली नाही, कारण तिच्यावरून कोणी जात नव्हतं. २००० सालच्या डिसेंबरात पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि पुढे हळूहळू डांबर तांड्यांपर्यंत पोचलं. मोटारसायकली आल्या. चौदा किलोमीटर आता वीस मिनिटांचे आहेत. सहा किलोमीटर कोण कशाला चालेल?

सायकल खांद्यावर घेऊन मी चर ओलांडत वर गेलो. खिंडीच्या अलीकडे शेळ्या चारणारे एक गृहस्थ बसले होते. साठीचे असतील. डोक्याला पांढरा फेटा, हातात मोबाईल.

"कुठं चाललाव?"

मी तांड्याचं नाव सांगितलं.

"मग इकडून कशाला? रस्ता हाय की तिकडून."

मी म्हटलं, माझे वडील इकडून जायचे. तांड्यावर मास्तर होते, बहात्तरच्या दुष्काळात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे. "सायकलवाले गुरुजी? तुमी गुरुजींचे पोरगं?" आणि मग उठून उभेच राहिले. "चला. मास्तर पडला तो दगड दावतो तुमाला."

मला कळेचना. खिंड ओलांडून पलीकडे थोडं उतरलं की वाट एका मोठ्या काळ्या खडकाला वळसा घालते. वळण अचानक येतं, आणि पुढे लगेच उतार. सायकलवाल्याच्या नजरेने पाहिलं तर तिथे पडणं अगदी साहजिक आहे. दांडीचे ब्रेक असतील तर अटळच.

"हाच तो," ते म्हणाले. "आमी समदे याला मास्तर पडला तो दगडच म्हणताव. शेळ्या कुठंत? तर मास्तर पडल्याला दगडापाशी. आताच्या पोरायला कोणता मास्तर ते ठावं नाही, तरी म्हणतेत."

मग त्यांनी हकीकत सांगितली. ते तेव्हा दुसरीत होते. दुष्काळात पोरांना सुकडी वाटायची होती. तांड्यापर्यंत गाडी येत नव्हती. अण्णा जिंतूरहून कॅरिअरवर पोतं बांधून आणायचे. एका सकाळी या दगडापाशी सायकल घसरली, अण्णा खाली, पोतं फुटलं. पोरं वरच्या अंगाला गुरुजींची वाट बघत बसलेलीच असायची, ती धावली. पाय फाटला होता. रक्त येत होतं. "गुरुजी म्हणले, मला ऱ्हाऊ द्या, आधी ते भरा. आमी समद्यांनी मातीतून येचली. अर्धी पोत्यात घातली, अर्धी तोंडात." एवढं बोलून ते हसले. मलाही हसावंसं वाटलं, पण जमलं नाही.

खिंडीतून खाली तांड्यापर्यंतची वाट शाबूत होती. शेळ्यांमुळे. मी उतरलो. त्या दगडापाशी मात्र सायकल हातात धरून चाललो.

परत आल्यावर मी जमिनीच्या कागदांकडे वळलो, कारण मुलांना उत्तर द्यायचं होतं. गावाचा नकाशा बहुतेकांनी शेताच्या भांडणाशिवाय कधी पाहिलेला नसतो. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. उलट, राखीव वनात परवानगीशिवाय नवी वाट फोडणं हा १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे जेसीबीने काढलेल्या नव्या ट्रेलपेक्षा जुन्या वाटेची बाजू कायद्याने भक्कम. पण ती रेषा नुसती नकाशावर असून भागत नाही. वहिवाट सिद्ध करायची तर कोणी तरी वहिवाटत असायला हवं.

मरिनमध्ये याच्या उलट झालं. तिथे वाटांवर इतक्या सायकली झाल्या की पायी चालणारे आणि घोडेस्वार वैतागले, आणि १९८०च्या दशकात पुष्कळ अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. त्या भांडणांतूनच १९८८मध्ये माउंटन बायकिंगवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि चढाचे-उताराचे ते सगळे नियम तिने लिहून काढले. तिथे वाट कोणाची यावर भांडण झालं. आमच्याकडे भांडायलाही कोणी उरलं नाही, हे जास्त वाईट असं मला वाटतं.

मुलांना मी कळवलं ते असं. जेसीबी नको. वाट आहे. आधी तांड्यावर जा, तिथल्या लोकांना विचारा, त्यांच्या शेळ्या ज्या वाटेने जातात तिची ओळख करून घ्या. चर बुजवू नका. वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला विचारून चरांवर दोन-दोन फरशा टाकता आल्या तर बघा. पावसाळ्यात जाऊ नका, ओल्या वाटेवर चाकाची चरी पडते आणि पाणी तीच धरतं. शिवाय खाली उतरल्यावर काळी माती मडगार्डात गच्च बसून चाक जाम होतं हे तुम्हाला परभणीच्या माणसाने सांगायला नकोच. बाभळीच्या काट्यांसाठी जास्तीची ट्यूब आणि सोल्युशन जवळ ठेवा. आणि आठवड्यातून एकदा तरी जा. नाव काय ठेवायचं असं एकाने विचारलं होतं. इंग्रजीत चार नावं सुचवलीही होती त्याने. नाव आहे, मी म्हटलं.

राहता राहिले अण्णा.

त्यांच्या डाव्या नडगीवर वीतभर लांब व्रण आहे. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की बैलाने शिंग मारलं. आईसुद्धा शेवटपर्यंत हेच सांगायची. जिंतूरहून परत आलेल्या रात्री मी त्यांना विचारलं, "अण्णा, तो व्रण बैलाचा ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "कोण भेटलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. दगडाला काय म्हणतात तेही सांगितलं. अण्णांनी पायजमा वर करून नडगीवरून हात फिरवला, जसं काही व्रण जागेवर आहे ना ते बघत होते.

"तुझ्या आईला कळलं असतं, तर तिने त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज करायला लावला असता," ते म्हणाले. "आणि त्या साली तिकडे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. शाळेला कुलूप लागलं असतं."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोप आली असेल. तेवढ्यात म्हणाले, "वळणं नऊच आहेत ना?"

मी म्हटलं, "नऊच."

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि दिवा घालवायला सांगितला.